एकेचाळीस हाका

"पेन बंद करा," आल्मेडासर डोळे न उघडता म्हणाले.

"पेन वाजत नाही, सर."

"वाजतं. कागदावर खरखरतं. मघापासून मी त्याला गवतातला किडा समजतोय."

मी पेन बंद केलं. सकाळचे सहा वाजून चार मिनिटं झाली होती. दगडी बांधावर आम्ही तिघं ओळीनं बसलो होतो. डावीकडे मी, मध्ये आल्मेडासर, उजवीकडे समोरचं रान राखणारा सुखलाल सोळंके. समोर सावरखेडचं बिड होतं. राखलेल्या गवताच्या रानाला आमच्या वऱ्हाडात बिड म्हणतात. हे चाळीस एकरांचं. ऑगस्ट संपत आला होता, गवत कमरेला लागत होतं आणि त्यात कुठंही काही हलत नव्हतं.

हलत होता तो आल्मेडासरांचा उजवा गुडघा. डोळे मिटलेले, मान ताठ, हात मांडीवर, आणि गुडघा शिलाई मशीनसारखा सारखा खालीवर. त्याच्या हादऱ्यानं बांधाचा एक दगड कटकट करत होता. त्याबद्दल मात्र कुणी काही बोलायचं नाही.

"हा लावा पक्षी," सर पुटपुटले. थोड्या वेळानं, "चंडोल." मग, "ही टिटवी. ही माझी झाली आहे, हिची गरज नाही."

आठ वाजता सुखलाल उठला. "आज नाही, मास्तर."

"काल संध्याकाळी नाही, आज नाही. गेल्या वर्षी पाच दिवस नाही."

"पाखरू हाये ते. एसटी नाही."

"एसटीसुद्धा वेळेवर येत नाही तुमच्याकडे," सर म्हणाले आणि बांधावरून उडी मारून तरातरा चालू लागले.

ही गोष्ट १९९९ सालची. मी तेव्हा अकोल्याला एका दैनिकात वार्ताहर होते. रविवारच्या पुरवणीचं एक पूर्ण पान मला भरायचं होतं. विषय होता गवतातल्या पक्ष्यासाठी मुंबईहून येऊन बसलेला संगीतकार. मजकूर गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत फॅक्सनं पोचायला हवा होता. आज बुधवार होता.

इनास आल्मेडा मूळचे वसईचे. वडील चर्चमध्ये गायकवृंद चालवायचे. हे चेलो शिकले आणि पुढं आयुष्यभर शिकवत राहिले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठी एक मोठी रचना लिहायला घेतली होती. नाव 'माळ'. तिचे तीन भाग तयार होते. पहिला गवतातल्या वाऱ्याचा, दुसरा टिटवीचा, तिसरा लांडग्यांच्या वाटेचा. चौथा तणमोराचा, ज्या पक्ष्यासाठी ते इथं येऊन बसले होते. त्याच्या पानावर एक वर्षापासून फक्त शीर्षक होतं. दोन ऑक्टोबरला मुंबईत कार्यक्रम ठरला होता. वाजवणारे चौघं त्यांचेच विद्यार्थी. पंधरा सप्टेंबरपर्यंत चौथा भाग हातात पडला नाही तर कार्यक्रम रद्द करायचा, असं त्यांनी चौघांना सांगून टाकलं होतं.

"तीन भागच वाजवा," मी सुचवलं होतं.

"तीन पायांची खाट कुणी घेतं का?"

तणमोराचा आवाज त्यांच्याकडे नव्हता असं नाही. एका अभ्यासकानं दिलेली कॅसेट होती, सहा सेकंदांची. तीही त्यांनी मला ऐकवली. बेडकासारखी कोरडी, खरखरीत हाक आणि मागोमाग पंखांचा फडफडाट.

"हे आहे की मग," मी म्हटलं.

"हा आवाज आहे. एक आवाज आणि दुसरा आवाज यांच्यामध्ये काय असतं ते यात नाही. मला मधलं पाहिजे, गावंडेबाई. आवाज काय, कुणीही काढेल."

गावात मुक्काम समाजमंदिरात होता. अर्ध्या हॉलमध्ये सरांची सतरंजी, चेलोची पेटी आणि नोटेशनचे कागद. उरलेल्या अर्ध्यात पंचायतीच्या खुर्च्या. मी शेजारच्या अंगणवाडीताईंकडे झोपायचे. त्या दुपारी सरांनी चेलो काढून जाड तारेवरून गज ओढला. खिडकीतून लगेच एक डोकं आत आलं.

"मी म्हटलं कोनाची म्हैस अडली का काय," केसरबाई म्हणाली. ही सुखलालची बायको. भाकरीचं फडकं घेऊन आली होती.

"म्हैसच आहे," सर म्हणाले. "दोनशे वर्षांची. बसा, ऐका."

तिनं बसून ऐकलं. सरांनी तारांखालच्या घोडीजवळ गज घासून तणमोराची हाक काढायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, पाचदा. केसरबाईनं पदर तोंडाला लावला.

"हसू नका. बरोबर नाही का?"

"बेंडकाचं बरोबर हाये," ती म्हणाली. "याचा बाप असता तं त्यानं दाखवलं असतं तुमाले. सासरा माहा तितराले बोलावे, तं तितर पायाजवळ चालत ये. तनमोर बी बोलावे. आन हा बी काही कमी नोता..."

"केसर," सुखलाल दारातून म्हणाला. आवाज चढवला नाही, पण ती गप्प झाली.

मग त्यानंच सांगितलं, कारण मी वही उघडली होती. त्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, फासेपारध्यांचा, बारा घरांचा. सहा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून शिकार सोडली. देवीपुढं फासे जाळले आणि शब्द दिला, की पाखराला फसवायची हाक पुन्हा तोंडात धरायची नाही. त्याच वर्षापासून हे बिड राखायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंत विळा नाही, ढोर नाही. गावाला पटवलं ते एकाच गोष्टीवर, की या गवतात तणमोर येतो आणि तो आता फार थोड्या ठिकाणी येतो.

"शब्द म्हणजे किती पक्का?" मी विचारलं. मी हे विचारतेच.

"आईच्या पुढं देल्ला, बाई." तो माझ्याकडं पाहत राहिला. "मोडला तं बेड्यात कोनी पंगतीले घेत नाही."

सर चेलोच्या मानेवरून हात फिरवत होते. ऐकत होते की नाही, कळलं नाही.

संध्याकाळी पाराजवळून आम्ही बिडाकडं निघालो, तेव्हा चार-सहा जण बसले होते. एकानं हाक दिली, "काय सुखलाल, आलं का तुहं पाखरू? का सुट्टीवर गेलं?"

"येते."

"दोन साल झाले येऊनच रायलं. औंदा आपुन ढोरं सोडतो म्हंजे सोडतो, पाय तू."

सुखलाल पाऊल जरा लांब टाकायला लागला एवढंच. बिडात त्या संध्याकाळीही काही नव्हतं. परत आल्यावर सर समाजमंदिराभोवती फेऱ्या घालू लागले. मी मोजल्या नाहीत, पण माझं जेवण होईपर्यंत त्या संपल्या नव्हत्या. एका फेरीत आत जाऊन त्यांनी एक कागद फाडला. पुढच्या फेरीत बाहेर येऊन सुखलालसमोर उभे राहिले.

"उद्या शेवटचं, सुखलालभाऊ. उद्या नाही, तर तालुक्याला जाऊन मुंबईला फोन करतो. कार्यक्रम नाही."

"कितीक लोकं येनार होते?"

"दोनशे."

"आन वाजवनारे?"

"चार."

"ते कितीक वर्सं शिकले?"

"वीस. कुणी अठरा."

सुखलालनं मान हलवली. "एका पाखरासाठी," तो म्हणाला. आश्चर्यानं म्हणाला की रागानं, मी तेव्हाही ठरवू शकले नाही.

गुरुवारी मी पेन्सिल नेली. तिला आवाज कमी. सुखलाल आमच्याबरोबर बांधावर बसला नाही. "मी नाल्याच्या तिकडून पायतो," तो म्हणाला. "तुमी हालू नोका. काही झालं तरी बांध सोडू नोका." खांद्यावरचं उपरणं सारखं करत तो गवतात शिरला आणि दिसेनासा झाला.

सहा बारा. पहिली हाक.

मला आधी ती हाक आहे हे कळलंच नाही. कळलं ते शेजारचा दगड वाजायचा थांबला म्हणून. सरांचा गुडघा थांबला होता. कॅसेटमधला तोच कोरडा आवाज आणि मागोमाग फडफड, पण नाल्याच्या बाजूनं, उघड्यावर, ओल्या हवेतून आलेला. मी मनगटावरचं घड्याळ वहीशेजारी काढून ठेवलं आणि आकडे लिहू लागले. सहा बारा. सहा बारा आणि चाळीस सेकंद. सहा तेरा वीस. मान वर काढायला फुरसत नव्हती. एक हाक चुकली तर ती पुन्हा मिळणार नव्हती, आणि माझ्या पानावर 'अनेक हाका' असला शब्द मी कधी जाऊ दिला नव्हता.

सहा अठ्ठावन्नला शेवटची. एकूण एकेचाळीस.

सर हलले नाहीत. सात वीसला सुखलाल नाल्याकडून आला. कमरेपर्यंत दवानं भिजलेला, ओठ पांढरे. मी म्हटलं, "भाऊ, ऐकलं का?" त्यानं मान हलवली. सर उठले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढं केली.

"प्या."

सुखलालनं बाटली रिकामी केली.

साडेसातपासून समाजमंदिराचं दार बंद होतं. आतून मध्येच चेलोचा एक घासा ऐकू यायचा, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा घासा. केसरबाईनं भाकरी दारात ठेवली, ती कावळ्यानं नेली. माझी एसटी साडेबाराची होती. मी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मजकूर लिहायला घेतला आणि पहिल्या परिच्छेदातच अडले.

पक्ष्याचं वर्णन हवं होतं. निघण्यापूर्वी मी वाचून टिपण काढलं होतं. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून सरळ वर उडी मारतो, पुरुषभर उंच, दिवसाला शेकडो वेळा. त्या उडीतच तो ओरडतो आणि पंख वाजवतो. उडी आणि आवाज एकच. मी टिपण वाचलं. वही वाचली. एकेचाळीस वेळा. एकेचाळीस हाका म्हणजे एकेचाळीस उड्या. कमरेएवढ्या गवतातून पुरुषभर उंच. आणि मी एकही पाहिली नव्हती.

मी समाजमंदिराच्या खिडकीशी गेले. जमिनीवर कागद पसरले होते आणि सर त्यांच्यामध्ये गुडघ्यांवर बसून लिहीत होते.

"सर, तुम्हाला उडी दिसली?"

"कसली?"

"तणमोराची."

"मी डोळे मिटले होते." त्यांनी वर पाहिलं नाही. "तुमचे उघडे होते ना?"

"मी वहीत पाहत होते."

"मग कुणीच पाहिली नाही," ते म्हणाले आणि पुढची ओळ लिहू लागले.

अकरा वाजता मी नाल्यावर गेले. जागा सापडायला वेळ लागला नाही. करवंदीच्या जाळीमागं गवत दबलेलं होतं आणि ओल्या मातीत दोन गुडघे उमटले होते. त्यांच्या पुढं पळसाचं एक पान पडलं होतं, चार घड्या घातलेलं, कडेवर दातांच्या खुणा. मी ते उचललं.

"टाका ते, बाई."

सुखलाल वरच्या काठावर काटेरी फांद्यांचं कुंपण नीट करत होता. मला येताना त्यानं पाहिलं असणार. त्यानं ओरडून थांबवलं नव्हतं.

"उडी दिसली नाही, भाऊ."

"कशी दिसन?"

"आणि ती फडफड?"

त्यानं खांद्यावरचं उपरणं दोन टोकांना धरून एकदा झटकलं. हुबेहूब.

मी खाली बसले. तो काठावरच राहिला. "दोन साल झाले, पाखरू नाही आलं," तो म्हणाला. "मी रोज पायतो. कोनाले सांगितलं नाही. सांगितलं असतं तं हे गवत रायलं असतं का? आन गवत नसलं तं पाखरू येनार कोठं?"

"मास्तरांना तरी सांगायचं."

"मास्तर काल फोन करनार होते. वीस वर्सं शिकलेले लोकं, त्यायले घरी जा म्हननार होते." तो एक काटा हातातून काढत होता. "आता त्यायचा हात चालून रायला. खिडकीतून पायलं मी. त्यायले सांगू नोका."

"आणि देवीला दिलेला शब्द?"

त्यानं काढलेला काटा गवतात टाकला. मी थांबले. लोक न बोलता राहिले की थांबायचं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात.

"बेड्यात कळलं तं मी संपलो, बाई," तो शेवटी म्हणाला. "पन तुमचं पोट लिहिन्यावर हाये. लिहाचं असन तं लिहा. आज नोका लिहू."

"मजकूर आजच द्यायचा आहे."

"मंग लिहा," असं म्हणून त्यानं पुढची फांदी उचलली.

एसटी एक वाजून पाच मिनिटांनी आली. तालुक्याच्या गावी फॅक्सच्या दुकानात मी साडेतीनपासून बसले. नऊशे शब्द झटपट झाले. वसई, चर्च, चेलो, केसरबाईची म्हैस. एकच जागा रिकामी होती. दुकानदार दर दहा मिनिटांनी विचारायचा, "झालं का मॅडम? लाइट जाईन." तीन वेळा मी खरी गोष्ट लिहिली, तीन वेळा खोडली. मग एकदा 'तणमोर ओरडला' असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी पाच बावन्नला लिहिलं: 'गुरुवारी पहाटे बिडातून एकेचाळीस वेळा तणमोराची हाक ऐकू आली. पक्षी दिसला नाही.' दोन्ही वाक्यांत खोटं काही नव्हतं. मी त्या वाक्यांवर खूश झाले होते, हेही नोंदवायला हवं.

रविवारी पान आलं. मथळा मजकूर लिहिणारा देत नाही, डेस्क देतं. आठ कॉलम, सरळ: 'तणमोर परतला!'

सोमवारी सकाळी मी डेस्कला फोन लावला. दुरुस्तीला दोन ओळी लागतात, चौथ्या पानावर, हवामानाखाली. पलीकडून आवाज आला, "बोला गावंडे मॅडम, काय पान झालंय! जिल्ह्यातून फोन येताहेत." मी म्हटलं, "हो का," आणि पुढचं काहीतरी विचारून फोन ठेवला.

पंधरा सप्टेंबरच्या आधीच सरांचं कार्ड आलं. चौथा भाग झाला होता. कार्यक्रमाला यायचं आमंत्रण होतं.

मी दोन ऑक्टोबरला चार वाजता पोचले. तालीम चालू होती. लहान हॉल, लाकडी मंच, चार खुर्च्या. सर शेवटच्या रांगेत, गुडघा हलत होता. मला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली आणि चौथ्या भागाचे कागद माझ्या मांडीवर टाकले. मला नोटेशन वाचता येत नाही, पण शीर्षक देवनागरीत होतं. 'तणमोर' हा शब्द खोडलेला होता. त्याखाली लिहिलं होतं: 'माणूस पक्ष्याला बोलावतो'.

मंचावर चेलोनं पहिली हाक दिली. घोडीजवळचा कोरडा घासा. बाकीचे गज उचलून थांबले. पुन्हा चेलो. पुन्हा ते वाजवायच्या तयारीत, वाजवत मात्र नव्हते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्या दोन हाका मी तणमोराच्याच म्हणून ऐकल्या. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"तुमच्या वहीत वेळा आहेत. बघा."

वही पर्समध्येच होती. मी ती पहिल्यांदा आकड्यांसारखी वाचली. सुरुवातीला चाळीस सेकंदांचं अंतर. मग पंचेचाळीस. मग पन्नास. एकोणिसाव्या हाकेनंतर सत्तर. शेवटी शेवटी शंभराच्या पुढं.

"पाखरू दिवसभर उड्या मारतं," सर म्हणाले. "पाऊण तासात असं दमत जातो तो माणूस. एकोणिसाव्याला त्याला खोकला आला, त्यानं तो गिळला. हाक अर्ध्यात तुटली. ऐका, आता येईल."

मंचावर चेलोची हाक मध्येच तुटली. वाजवणाऱ्या मुलीनं गज तारेवरून उचलला आणि श्वास घेतला. तो आम्हाला शेवटच्या रांगेत ऐकू आला. कागदावर त्या जागी लिहिलेलं होतं, 'श्वास ऐकू यावा.'

"वर्षभर मी मधलं शोधत होतो," ते म्हणाले. "मध्ये हा होता."

"तेव्हा का नाही बोललात?"

"त्यानं माझ्यासाठी शब्द मोडला. आणि मी त्याला सांगू, की मला कळलं, वाया गेला?" गुडघा थांबला. "त्याला अर्पण करायचं होतं. नाव लिहिलंही होतं. मग रविवारचं तुमचं पान आलं. 'पक्षी दिसला नाही.' मी म्हटलं, बाईंनी झाकलंय, आपण कशाला उघडा? खोडलं."

मला सांगावंसं वाटलं, की मी त्याला झाकलं होतं की स्वतःला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी वही बंद केली.

संध्याकाळी दोनशेपैकी एकशे साठ लोक आले. तिसऱ्या भागानंतर दुसरं व्हायोलिन वाजवणारा मुलगा वाद्य घेऊन मंचावरून उठला आणि दारानं बाहेर गेला. लोकांना वाटलं तार तुटली. चौथा भाग तिघांनी सुरू केला. मी सवयीनं मोजत होते. एकेचाळिसावी हाक झाली. तिघं गज धरून थांबले. दहा सेकंद, वीस. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि वरमून थांबवली. तीस, चाळीस.

मग बाहेरून, बंद दारापलीकडून, लांबून, एक हाक आली. कोरडी, बारीक. दमलेली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मी सरांना गाठलं. "एकेचाळीस होत्या, सर. ही बेचाळिसावी कुणाची?"

"ही माझी," ते म्हणाले. गर्दीतच मला त्या संध्याकाळच्या ध्वनिमुद्रणाची कॅसेट देऊन म्हणाले, "त्याला नेऊन द्या. तुमचा रस्ता जवळचा."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी सावरखेडला गेले. बिडाचं गवत पिवळं होऊन उभं होतं. ढोरं सोडली नव्हती. मथळ्याचं कात्रण पंचायतीच्या फळ्यावर लावलेलं होतं आणि उन्हानं पिवळं पडलं होतं. सुखलाल कुंपणाशीच भेटला. मी आधी तेच सांगितलं, की मी कुणाला काही बोलले नाही, बेड्यात कुणाला कळणार नाही.

केसरबाई हसायला लागली.

"बेड्यात?" ती म्हणाली. "यानं त्याच दिवशी संध्याकाळी सांगून टाकलं. दीड महिना झाला, पंगतीच्या बाहेर जेवून रायला. दिवाळीले घेनार हायेत आत. बेड्यात सगळ्यायले माहीत हाये, बाई. गावाले आन पेपरवाल्यायलेच तेवढं नाही."

"लपवून कोठं जाते?" सुखलाल म्हणाला. "आईनं तं ऐकलंच होतं."

आम्ही बांधावर बसलो. मी टेपरेकॉर्डर दगडावर ठेवून कॅसेट चौथ्या भागाशी आणली. मास्तरांना सगळं माहीत होतं, हे मी मधल्या वेळात सांगितलं. त्यावर सुखलालनं एकदा बाटलीतून पाणी प्यायल्यासारखा हात केला आणि मान हलवली.

पहिली हाक आली. त्यानं कान जवळ नेला.

"हा मी."

"तूच हाये," केसरबाई म्हणाली.

तो बोटांवर मोजत गेला. "हा बी मी. हा बी." एकोणिसावी हाक तुटली, मुलीचा श्वास ऐकू आला आणि तो दचकला. "इथं खोकला आलता मले!"

"एवढे मोठाले लोकं," केसरबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुह्या खोकल्याची नक्कल करून रायले!"

तो हसला नाही. अंतरं वाढत गेली तसा तो पुढं वाकत गेला, ओठ मिटलेले, जणू त्यालाच पुन्हा दम लागत होता. एकेचाळीस झाल्या. त्यानं बोटं सोडली आणि पाठ सरळ केली. टेपवर शांतता चालू होती. कुणाची तरी टाळी वाजली, थांबली. तो टेप बंद करायला वाकला.

बेचाळिसावी हाक आली.

सुखलाल उभा राहिला. टेपकडं पाहत नव्हता. गवताकडं पाहत होता, पार नाल्यापर्यंत.

"हे माहं नाही," तो म्हणाला.

ऑक्टोबरात तणमोर नसतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती हाक सरांनी लिहिलेली होती, एका मुलानं मुंबईत दाराबाहेर उभं राहून वाजवलेली होती, आणि हे सांगणं माझं काम होतं. मी तोंड उघडलं.

"बोलू नोका," त्यानं हात वर केला. "हालू नोका."

टेप फिरून फिरून थांबली. केसरबाईचं हसू थांबलं होतं. वारा गवताच्या एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला गेला. आम्ही तिघं बांधावर तसेच राहिलो.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी समोर पाहत होते.